मोंते कासिनो मठ

मोंते कासिनो मठ : इटलीच्या लात्सिओ प्रांतातील कासिनो शहराच्या डोक्यावर, सुमारे ५२० मी. उंचीवर असलेला, संत बेनेडिक्टने स्थापलेला बेनेडिक्टाइन (त्याच्या नियमावलीने चालणाऱ्या ख्रिस्ती भिक्षुपंथाचा) मठ. दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीत तो उद्ध्वस्त झाला. आज दिसते ती बहुतांशी त्यानंतरची पुनर्बांधणी होय.

स्थापनावर्ष ५२९ हे परंपरेने ठरलेले आहे. पोप पहिला ग्रेगरी याने लिहिलेल्या संत बेनेडिक्टच्या चरित्रात वर्ष नाही. म्हणून ‘५३० च्या आसपास’ म्हणणे अधिक सुरक्षित. लाँबर्ड या जर्मानिक लोकांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस, सॅरासेनांनी (मुस्लिम आक्रमकांनी) ८८३ मध्ये व भूकंपाने १३४९ मध्ये मठाची हानी केली.

बेनेडिक्टच्या अस्थींचा वाद जुना आहे. लाँबर्डांनंतर मठ ओसाड असताना त्या फ्रान्समधील फ्लरी मठात नेल्या गेल्या, असा फ्लरीचा दावा. अकराव्या शतकात मठाधिपती देसिदेरियुस नवे चर्च बांधत असता थडगे अबाधित आढळले, असे कासिनोचे म्हणणे. मात्र आठव्या शतकातील इतिहासकार पॉल द डीकन, जो स्वतः कासिनोचाच भिक्षू होता, तोही फ्रँकांनी (आजच्या फ्रान्समधील तत्कालीन लोकांनी) अस्थी नेल्याचे लिहितो. स्वतःच्या मठाला प्रतिकूल असलेली ही साक्ष सहज बाजूला सारता येत नाही.

बाँबफेकीपूर्वी जर्मन सैनिक इमारतीत नव्हते, हे मत आता बहुतेक अभ्यासक मानतात. दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचा मुख्य हल्ला बाँबफेकीनंतर लगेच होऊ शकला नाही. त्या अवधीत जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ढिगाऱ्यात मोर्चे बांधले. पडझडीचा दगड अखंड भिंतीपेक्षा चांगला आडोसा ठरला. १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी माथा घेतला. ग्रंथालय व दस्तऐवज १९४३ च्या शरदातच रोमला हलविल्याने वाचले. इटालियन बोलीच्या आद्य नमुन्यांपैकी ९६० चा न्यायनिवाड्याचा लेख त्यांत आहे.

पुनर्बांधणी ‘होते तिथेच, होते तसेच’ या सूत्राने झाली. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावा पॉल याने चर्चचे पुनःपवित्रीकरण केले. पाहताना जुने-नवे वेगळे करावे लागते. लुका जोर्दानो या सतराव्या शतकातील चित्रकाराची भित्तिचित्रे कायमची गेली. प्रवेशभिंतीच्या आतील बाजूचे मोठे चित्र पिएत्रो आन्निगोनीचे, म्हणजे विसाव्या शतकातील आहे. तळघरातील विसाव्या शतकारंभीची कुट्टिमचित्रे (मोझेक) मात्र बरीचशी टिकली. तेथे अवश्य उतरावे. ओवऱ्यांच्या मधल्या चौकात अष्टकोनी पाण्याचे टाके आहे. चौक प्रबोधनकालीन वास्तुकार ब्रामान्तेच्या नावाने ओळखला जात असला तरी तो त्यानेच रचला, हे शंकास्पद आहे.

कासिनो स्थानक रोम–नेपल्स जुन्या मार्गावर आहे. तेथून नागमोडी रस्ता सुमारे ९ किमी. असून बसफेऱ्या थोड्या असल्याने परतीची वेळ आधी पाहावी. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये फिरता येत नाही. पोलिश दफनभूमी मठाजवळच आहे, पण राष्ट्रकुलाची दफनभूमी खाली शहरालगत, त्यामुळे दोन्हींचा वेळ वेगळा धरावा. राष्ट्रकुलाच्या दफनभूमीतील स्मारकावर इटलीत पडलेल्या, पण कबर न सापडलेल्या ४,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे व्हिक्टोरिया क्रॉसप्राप्त नाईक यशवंत घाडगे हे आहेत. ते मात्र कासिनोच्या लढाईत नव्हे, तर १० जुलै १९४४ रोजी उत्तरेकडील तायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले.