लाल झगा आणि हुकूमनामा ७७०

'द हँडमेड्स टेल'चा विषय निघाला की चर्चा दोनच ठिकाणी जाते, इराण नाहीतर अमेरिका. दोन्ही बरोबरच आहेत म्हणा, पण या कादंबरीतलं यंत्र खरं चालवून बघितलं ते भलत्याच देशाने, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी, अमेरिकेच्या जागी एक कट्टर धर्मराज्य आलंय आणि तिथे मूल होऊ शकणाऱ्या बायकांना 'हँडमेड' म्हणून, लाल झगा घालून, बड्या अधिकाऱ्यांच्या घरी मूल जन्माला घालायला ठेवतात. लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूडने स्वतःला एकच नियम घालून घेतला होता, की माणसांनी कुठेतरी, कधीतरी आधीच केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घ्यायचं नाही. १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनला भाड्याच्या टाइपरायटरवर लिहायला घेतलं, तेव्हा भिंत उभीच होती, आणि १९८५ ला पुस्तक आलं. जुने धागे तसे बरेच आहेत, बायबलमधली राहेल जी स्वतःला मूल होत नाही म्हणून दासी नवऱ्याला देते, १६८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये चेटकीण म्हणून फासावर टांगलेली आणि तरीही जगलेली बाई (पुस्तक ज्यांना अर्पण केलंय त्यात ती आहे), गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर बंदी घालणारे अमेरिकेच्या दक्षिणेतले कायदे. हे सगळं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं.

मराठीत एक वेगळाच घोळ आहे. हँडमेडला आपण सरळ 'दासी' म्हणून मोकळे होतो, आणि दासी म्हटलं की डोक्यात नामयाची दासी जनी येते, म्हणजे भक्ती वगैरे. त्यापेक्षा पेशवाईच्या कागदांतले 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द जास्त जवळचे आहेत, कारण ती बाई विकली जायची, तिची किंमत लावली जायची, आणि तिला मालकापासून झालेल्या पोराला लेकावळा म्हणायचे. पण तिथेही एक गोष्ट बसत नाही. लेकावळा बापाच्या औरस मुलांच्या पंगतीत कधीच बसत नसे. कादंबरीत बरोबर उलटं आहे, मूल थेट घरचं होतं आणि आईला दुसऱ्या घरी पाठवतात. हे असं अर्जेंटिनात झालंय, १९७६ ते ८३ च्या लष्करी राजवटीत. पकडलेल्या गरोदर बायकांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवायचे, नंतर मारायचे, आणि बाळं लष्करातल्या नाहीतर त्यांच्या ओळखीतल्या कुटुंबांना देऊन टाकायचे. अशी नातवंडं शोधणाऱ्या आज्यांच्या संघटनेच्या अंदाजाने अशी ५०० च्या आसपास बाळं.

आता तो भलता देश, रोमानिया. ऑक्टोबर १९६६ मध्ये तिथे हुकूमनामा ७७० निघाला आणि गर्भपात बंद झाला. ४५ च्या वरची किंवा चार मुलं असलेली बाई सुटली, बाकी सूट जिवाला धोका, बलात्कार अशा मोजक्या कारणांना. त्याआधी ९ वर्षं गर्भपात कायदेशीर होता आणि लोकांकडे दुसरं साधन जवळपास नव्हतंच, त्यामुळे पुढच्याच वर्षी हजारी जन्मदर १४.३ वरून २७.४ वर गेला. दवाखान्यात खाटा नाहीत, नंतर शाळेत बाकं नाहीत. पण बायकांनी वाटा शोधल्याच, आणि १९८३ ला आकडा परत १४.३! मग सरकार चवताळलं. चाराच्या जागी पाच मुलांची अट आली, मूल नसलेल्यांवर कर तर आधीपासून होताच, कारखान्यांत कामावरच्या बायकांच्या तपासण्या सुरू झाल्या की कोण गरोदर आहे आणि नंतर ते पोट कुठे गेलं. घरी काहीतरी करून रक्तस्राव होत आलेल्या बाईने कोणी केलं त्याचं नाव सांगितल्याशिवाय उपचार नाहीत, असंही चालायचं. त्या २३ वर्षांत अशाने मेलेल्या बायका १० हजारांच्या आसपास धरतात, अनाथाश्रमांत पडलेली मुलं लाखभर. १९८९ च्या नाताळच्या दिवशी तिथल्या हुकूमशहाला गोळ्या घातल्या आणि दुसऱ्याच दिवशी हुकूमनामा रद्द झाला.

आणि ही राजवट धर्म न मानणारी होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'हे सगळं धर्मामुळे होतं' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. बरं हा संबंध मी ओढूनताणून लावत नाहीये, कादंबरीच्या शेवटी जो भविष्यातल्या अभ्यासकांच्या एका परिषदेतल्या भाषणाचा भाग आहे (बरेच लोक तो वाचतच नाहीत, कंटाळवाणा म्हणून) त्यात रोमानियाचं नाव घेऊन सांगितलंय, सक्तीच्या तपासण्या, पगारवाढ-बढतीचा मुलांशी लावलेला संबंध, सगळं.

त्या काल्पनिक परिषदेची तारीख २५ जून २१९५ आहे. योगायोगच, पण आपल्याला २५ जून म्हटलं की आणीबाणी. तेव्हा आपल्याकडे उलट्या दिशेने तेच चाललं होतं. १९७६-७७ मध्ये देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये चक्क आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून कायदा झाला नाही, नाहीतर तोही पहिला मान आपलाच.

कादंबरीतले लाल झगे निषेध म्हणून रस्त्यावर आले ते २०१७ पासून, टीव्हीवर मालिका आली त्याच वर्षी, सुरुवात टेक्सासच्या विधिमंडळात. मग २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि त्या झग्यांचे फोटो जगभर फिरले. त्याआधी २०१८ ला अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्येही बायका तेच कपडे घालून निघाल्या होत्या, सिनेटने गर्भपात कायदेशीर करण्याचं विधेयक पाडलं, डिसेंबर २०२० मध्ये तसं विधेयक शेवटी पास झालं. झग्याबरोबर डोक्याला पांढरी टोपी असते. त्याच शहरात १९७७ पासून चोरलेली मुलं-नातवंडं शोधणाऱ्या आया आणि आज्या डोक्याला पांढरा रुमाल बांधतात, आणि सुरुवातीला तो बाळाच्या लंगोटाच्या कापडाचा होता.