लाळग्रंथी आटतात तेव्हा: दोष फक्त पांढऱ्या पेशींचा नाही

भडंग खाताना घासागणिक पाणी लागायला लागलं म्हणून सांगलीत कुणी डॉक्टरकडे जात नाही. उन्हाळा आहे, वय झालं, शुगर बघून घ्या, असं म्हणून विषय संपतो. आणि बऱ्याचदा कारण तसलंच असतं, शुगर वाढली की तोंड सुकतं, ॲलर्जीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्यांनीही सुकतं. पण चाळिशी-पन्नाशीतली बाई, तोंड कोरडं, डोळे खुपतायत, सांधे दुखतायत, दात एकामागून एक किडतायत आणि कामाला उठायचं त्राण नाही, असं सगळं एकत्र असेल तर शोग्रेनचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात त्या ऑटोइम्युन आजाराचा, विचार करायला पाहिजे. होतं काय की दातांसाठी एक डॉक्टर, डोळ्यांसाठी दुसरा, गुडघ्यांसाठी मिरजेत तिसरा, आणि हे तिन्ही एकच दुखणं आहे हे बघायला कुणी उरत नाही.

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर, 1933 च्या प्रबंधात त्यांनी अशा 19 बायकांची माहिती मांडली. आजही 10 पेशंटमध्ये साधारण 9 बायकाच असतात.

आता ग्रंथीत काय बिघडतं ते बघू. कानापुढे (गालगुंड झालं की सुजते तीच), जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या, शिवाय ओठ-गालाच्या आतून शेकडो बारक्या, सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं निरोप्या रसायन सुटतं, ते लाळ बनवणाऱ्या पेशीवरच्या एम-3 रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, क्लोराईड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि मग ॲक्वापोरिन-5 नावाच्या दारातून पाणी. पुढे बारीक नळ्यांमधून जाताना त्यातलं मीठ कमी होतं आणि मग ती लाळ तोंडात येते.

ऑटोइम्युन म्हटलं की कुंपणानेच शेत खाल्लं असं म्हणून लोक मोकळे होतात, पण इथं शेतानेच कुंपणाला बोलावून घेतलंय असं दिसतं. या नळ्यांच्या अस्तराच्या पेशी गप्प मार खात बसत नाहीत. त्या स्वतःच इंटरफेरॉन (व्हायरस आल्याचा इशारा देणारं प्रथिन) सोडतात, पांढऱ्या पेशींना ओढून घेणारी रसायनं सोडतात, आणि एरवी फक्त इम्युन पेशींकडे असतात असे एचएलए रेणू अंगावर घेऊन टी-पेशींना (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) प्रथिनांचे तुकडे दाखवत बसतात! ग्रीसचे डॉक्टर मुत्सोपुलोस यांनी 1994 मध्येच या आजाराला अस्तराचा ऑटोइम्युन आजार म्हटलं होतं आणि मला ते पटतं, कारण सगळा दोष पांढऱ्या पेशींवर टाकला तर निम्मी गोष्ट सुटून जाते.

हे सुरू कशाने होतं? संशय व्हायरसवर आहे, खासकरून एपस्टाईन-बार, तो लाळग्रंथीत मुक्काम ठोकून असतोच, पण तो कित्येकांच्या अंगात असतो आणि आजार थोड्यांनाच होतो, म्हणजे जीन्सचा वाटा आलाच. बायकांचं म्हणाल तर नुसत्या हार्मोन्सवर भागत नाही. व्हायरसचा आरएनए ओळखणारा टीएलआर-7 हा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, बाईच्या पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो पण हा जीन काही पेशींत तिथूनही चालू राहतो. एक एक्स जास्त घेऊन जन्मलेल्या पुरुषांनाही हा आजार इतर पुरुषांपेक्षा जास्त होतो, यावरून काय ते समजा.

मग टी-पेशी येतात, मागोमाग अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी, नळ्यांभोवती घोळके करून बसतात. ओठाच्या आतला तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली हेच मोजतात, 50 किंवा जास्त लिम्फोसाईट (म्हणजे या टी-बी पेशीच) एकत्र दिसले की तो एक फोकस, आणि 4 चौरस मिलिमीटरमध्ये निदान एक फोकस असला तर निदानाला बळ येतं. अस्तराच्या पेशी मरताना त्यांच्या आतलं रो हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, त्याविरुद्ध बी-पेशी अँटीबॉडी बनवतात, रक्ताच्या रिपोर्टवर अँटी-रो किंवा एसएसए लिहिलेलं असतं ते हेच. ही अँटीबॉडी असलेल्या बाईला दिवस गेले तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, कारण साधारण 2 टक्के गर्भांत बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. अस्तरातूनच सुटणारं बाफ नावाचं रसायन बी-पेशींना मरू देत नाही, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की थोड्या पेशंटमध्ये त्यातूनच लिम्फोमा, म्हणजे याच पेशींचा कॅन्सर होतो, म्हणून गालाची सूज उतरतच नसेल तर दाखवायलाच पाहिजे.

गंमत अशी की कित्येकदा तुकड्यात निम्म्याहून जास्त ग्रंथी शाबूत दिसते, तरी तोंड ठणठणीत कोरडं! म्हणजे पेशी मेल्यात म्हणूनच लाळ नाही असं नाही, जिवंत पेशीही काम करत नाहीत. सूज आणणाऱ्या रसायनांमुळे नसेचा निरोप नीट पोचत नसावा, काही पेशंटमध्ये एम-3 विरुद्धच अँटीबॉडी सापडतात, ॲक्वापोरिनही जागेवरून हललेलं दिसतं. यातलं नक्की कोणतं किती जबाबदार यावर अजून वाद आहे. पण पायलोकार्पिन नावाची गोळी याच रिसेप्टरला ढोसते आणि बऱ्याच जणांना लाळ सुटते, मेलेल्या पेशीतून ती सुटली असती का? घाम फार येतो त्या गोळीने, आणि दमा किंवा काचबिंदू असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.