रनर बीन की वेलाची फरसबी? बांबूवर नक्की कोण चढलंय ते ओळखा

इंग्लंडातल्या आपल्या लोकांच्या गार्डनमध्ये बांबूवर चढलेली शेंगांची वेल दिसली की सगळे 'फरसबी' म्हणून मोकळे होतात, पण बऱ्याचदा ती रनर बीन असते. दोघी चुलत बहिणीच, पण नखरे वेगळे.

पेरणी सारखीच, थंडीतलं गोठणारं दव (फ्रॉस्ट) पडायचं थांबल्यावर, साधारण मेअखेर बाहेर लावायची, ८ फुटी बांबू द्यायचे, झालं. रनरचं बी मात्र टपोरं, जांभळट आणि वर काळे डाग, पांढऱ्या फुलांच्या जातींचं पांढरंच. उगवताना तर लगेच कळतं, फरसबीच्या दोन जाड डाळी मान वाकवून मातीतून वर येतात, रनरच्या डाळी खालीच राहतात आणि डायरेक्ट पानं वर येतात. म्हणून गोगलगायींनी रात्रीत रनरचा शेंडा फस्त केला तरी खालून परत फुटायचा चान्स असतो, फरसबी डाळींच्या खालून कुरतडली की विषय संपला, नवीन पेरा.

आता 'फुलं ढीगभर पण शेंगच धरत नाही' ही रड, ती जास्त करून रनरवाल्यांची. ही मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या थंड डोंगरातली, रात्रीपण गरम राहायला लागलं की फुलं गळतात. शिवाय बंबलबी (गुबगुबीत, केसाळ मधमाशी) आल्याशिवाय बहुतेक जातींचं काम होत नाही, फरसबीचं सगळं फुलातल्या फुलात उरकतं. आणि काही बंबलबी इतक्या आगाऊ की पुढून आत न शिरता फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पिऊन जातात, परागीभवन शून्य! फूल उलटं करून बघा, बारीक भोक दिसेल. फुलांवर पाणी फवारत बसण्यापेक्षा मुळाशी भरपूर ओल ठेवा. अगदीच वैताग आला तर 'मूनलाइट' लावा, ती दोघींचा संकर आहे आणि बंबलबीवर अडून राहत नाही.

त्यामुळे पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर रनर लावायचा मोह नको, शेंगांच्या नावाने ठणठणाट. तिथे फरसबी, तीसुद्धा थंडीत.

भाजीला मला फरसबी जास्त आवडते, रनरची शेंग खरबरीत आणि वीतभर झाली की दोरे सुटतात, म्हणून दोन-तीन दिवसाआड तोडत राहा, जून शेंगा वेलावर राहिल्या की नवीन लागणं मंदावतं. न शिजवता मात्र दोन्ही खाऊ नका, पोट बिघडेल.