गोल कमान दिसली म्हणजे चर्च नॉर्मनच, असं नाही

इंग्लंडच्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या चर्चची गोल कमान दिसली की 'नॉर्मन!' म्हणून आपण मोकळे होतो. पण फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम 1066 साली इंग्लंडचा राजा होण्याच्या कितीतरी आधीपासून सॅक्सन, म्हणजे नॉर्मन येण्याआधीच्या इंग्लंडमधले, गवंडीही गोलच कमानी बांधत होते. तेव्हा कमान राहू द्या, आधी मनोऱ्याचा कोपरा बघा.

सॅक्सन कोपऱ्यात एक लांब दगड खांबासारखा उभा, त्यावर एक चपटा आडवा, मग पुन्हा उभा. ही उभी-आडवी वीण एकदा ओळखीची झाली की लांबूनही डोळ्यांत भरते. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनचा दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मनोरा मुद्दाम जाऊन बघावा असा आहे. अंगभर दगडी पट्ट्या, उभ्या, तिरक्या, अर्धगोल. जणू लाकडाचा सांगाडाच दगडात उतरवलाय. घंटेच्या मजल्यावर प्रत्येक बाजूला पाच अरुंद झरोके आणि त्यांच्यामध्ये कातून काढल्यासारखे, पोट फुगलेले बुटके खांब. शिवाय सॅक्सन कामात कधी कधी कमानच नसते. दोन सपाट दगड एकमेकांवर रेलवून झरोक्याला त्रिकोणी माथा दिलेला असतो. असा माथा दिसला तर सॅक्सन हात समजायला हरकत नाही.

नॉर्मन भिंत बहुधा जाड. दोन्ही अंगांना घडीव चिरे, पोटात दगडगोटे आणि चुन्याचा भराव. त्या जाडीचा खरा उपयोग दारात दिसतो: एका कमानीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीच्या बाराव्या शतकातल्या पश्चिम दारावर नागमोडी नक्षी आहे आणि कमानीचा गोल चोचीत धरून बसलेली पाखरांची डोकी एकाशेजारी एक आहेत.

हा फरक थॉमस रिकमन या इंग्रज वास्तुरचनाकारानं 1819 साली बार्टन-अपॉन-हंबर गावच्या सेंट पीटर्स चर्चवर दाखवून दिला. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो. मनोऱ्याचा वरचा मजला नॉर्मन धाटणीचा आणि खालचे पट्ट्यापट्ट्यांचे. खालचं आधी बांधल्याशिवाय वरचं उभं राहत नाही, म्हणजे ते पट्ट्यांचं काम त्याहून जुनं.

एक अडचण मात्र आहे. राजा बदलला तरी गावोगावचे गवंडी तेच राहिले. त्यामुळे अकराव्या शतकाच्या अखेरच्या काही चर्चमध्ये दोन्ही खुणा शेजारी शेजारी सापडतात. अशा कामाला अभ्यासक 'सॅक्सो-नॉर्मन' म्हणतात.