पाणी शिरलं म्हणजे इंजिन गेलं, असं नाही

‘इंजिनात पाणी शिरलं, आता नवंच बसवा,’ हे दर पावसाळ्यात कानावर येतं. हे चूक आहे. पिस्टन हवा दाबतो, पण पाणी दाबलं जात नाही. म्हणून बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. खरा घात तिथे होतो. सेल्फ मारलाच नसेल, तर प्लग (डिझेलला इंजेक्टर) काढून पाणी उपसणं, ऑइल आणि फिल्टर बदलणं, एवढ्यावर बहुतेकदा भागतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तरी घाबरू नका. एखादा रॉड वाकला तरी इंजिन खोलून दुरुस्ती होते. रॉड तुटून ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला) भोक पडलं, तर मात्र मी बदला म्हणेन. मग नवा इंजिन नंबर आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घ्या, नाहीतर विकताना अडाल.