‘समदा बोली रायनात ना!’ : फुटबॉल क्लबच्या पुढच्या मॅनेजरच्या अंदाजांमागचं विज्ञान

२६ जानेवारी २०२४, शुक्रवार. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. दुपार कलताना लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, यूर्गेन क्लॉप याचा व्हिडिओ आला : हा सीझन संपला की मी लिव्हरपूल सोडतोय. अमळनेर-धुळ्याकडची जी पोरं रात्री-अपरात्री जागून इंग्लंडमधल्या मॅचेस बघतात, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुःख करायलाही कोणी फारसं थांबलं नाही. संध्याकाळच्या चहाच्या आत वारस ठरला होता.

“भो, अलोन्सो पक्का शे.”

“तुले कोनी सांगं?”

“समदा बोली रायनात ना!” (सगळेच बोलताहेत ना!)

तर्क तसा वाईट नव्हता. झाबी अलोन्सो हा लिव्हरपूलचा जुना खेळाडू, २००५ ची चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकलेल्या संघातला. त्या वेळी तो जर्मनीत बायर लेव्हरकूसेनचा प्रशिक्षक होता आणि त्याचा संघ हरायचं नाव घेत नव्हता. पण २९ मार्चला त्यानं सांगून टाकलं की मी इथंच राहणार. लगेच ‘पक्का’ हे बिरुद पोर्तुगालमधल्या रूबेन अमोरिम या प्रशिक्षकाला चिकटलं. मे महिन्यात शिक्कामोर्तब झालं ते मात्र नेदरलँड्सच्या फेयेनूर्ड क्लबच्या आर्ने स्लॉटवर. क्लॉपचा व्हिडिओ आला त्या दिवशी स्लॉटच्या नावावर कोणी चहाची पैजही लावली नसती. त्यानं पहिल्याच सीझनमध्ये, २०२४-२५ ला, इंग्लंडची लीग जिंकून दिली.

आता खरी गंमत. ज्यांच्या हातात ही निवड होती ते मायकल एडवर्ड्स आणि स्पोर्टिंग डायरेक्टर रिचर्ड ह्यूज, या दोघांच्या नेमणुका जाहीर झाल्या मार्चमध्ये. म्हणजे जानेवारीत निवडणारेच ठरलेले नव्हते. जे गुपित फुटल्याच्या थाटात जगभरचे चाहते बोलत होते, ते गुपित अजून जन्मालाच आलं नव्हतं. मग एवढी खात्री आली कुठून?

या प्रश्नाचा एक जुना धागा आपल्याकडचाच आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. जिथं जमीन हादरली पण नुकसान फारसं झालं नाही, तिथंही अफवा जोरात होत्या, आणि त्या दिलासा देणाऱ्या नव्हत्या. याहून मोठं संकट येणार, अमुक दिवशी सगळं बुडणार, अशा होत्या. वरवर बघता हे उलटंच वाटतं. पण मनात धास्ती तर बसलेली होती आणि तिचं कारण समोर दिसत नव्हतं. अफवेनं ते कारण पुरवलं.

पुढे १९४७ मध्ये अमेरिकेतल्या गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी याच वाटेनं जाऊन एक सूत्र मांडलं : अफवेचा जोर हा विषयाचं महत्त्व आणि माहितीतली संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. हे काही न्यूटनचं समीकरण नव्हे, ढोबळ नियम आहे. पण त्यात बेरीज नाही, गुणाकार आहे, हे लक्षात घेण्यासारखं. दोघांतलं एक शून्य झालं की सगळंच शून्य. राखीव संघाचा फिटनेस कोच बदलला तर संदिग्धता कितीही असो, कोणी ढुंकून बघत नाही. उलट २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ॲलेक्स फर्ग्युसननं निवृत्ती जाहीर केली ८ मे रोजी आणि डेव्हिड मोइजचं नाव जाहीर झालं ९ मे रोजी. महत्त्व अफाट होतं, पण अफवेला मोकळं रान मिळालं जेमतेम एक दिवस. लिव्हरपूलच्या चाहत्यांना ते मिळालं जवळजवळ चार महिने.

इथं कोणी म्हणेल, एवढी हजारो डोकी एकच नाव घेतात तर त्यात काही तथ्य असेलच की. गर्दीचं शहाणपण नावाची गोष्ट असतेच ना? असते. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर भरेल ते वजन ओळखायची स्पर्धा होती. सहा पेनीचं तिकीट घ्यायचं, त्यावर आपला अंदाज लिहायचा. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं नंतर ती तिकिटं मिळवली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. त्यांतला मधोमधचा अंदाज होता १२०७ पौंड आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड. एक टक्क्याचाही फरक नाही. गॉल्टननं हे १९०७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं तेव्हा त्याला स्वतःलाही जरा आश्चर्यच वाटलं होतं, कारण सामान्य माणसाच्या अकलेबद्दल त्याचं मत काही फार चांगलं नव्हतं.

हाच प्रयोग रावेर-यावलकडे केळीच्या बागेत करून बघता येईल. एका घडापुढं पन्नास माणसं उभी करायची : बागवाले, कापणी करणारे, व्यापारी, बघायला आलेले पाहुणे. प्रत्येकानं घड नीट बघून, हात लावून, वजनाचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी घडी करून टाकायची. कोणी दोन किलोनं वर जाईल, कोणी तीन किलोनं खाली. चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि मधला आकडा काट्याच्या जवळ येतो. पण तेच आकडे मोठ्यानं बोलायला लावले तर? गावातल्या जुन्या व्यापाऱ्यानं पहिल्यांदा “बावीस” म्हटलं की पुढच्या एकोणपन्नास जणांचे आकडे बावीसच्या भोवती घुटमळणार. पन्नास अंदाज असल्यासारखे दिसतील, प्रत्यक्षात असेल तो दीडच.

२०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी १४४ विद्यार्थ्यांवर जवळपास हेच तपासलं. स्वित्झर्लंडबद्दलचे आकड्यांचे प्रश्न विचारले. काहींना इतरांची उत्तरं दाखवली, काहींना नाही. दुसऱ्यांची उत्तरं दिसू लागल्यावर अंदाज एकमेकांजवळ सरकले, पण खऱ्या उत्तराजवळ सरकले नाहीत. खात्री मात्र वाढली. मला या विषयातला हा सगळ्यात बोचरा निष्कर्ष वाटतो.

आणि फुटबॉलमध्ये तर घडच समोर नसतो. क्लबच्या बंद खोलीतलं कोणालाच दिसत नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून वजन सांगतो.

ग्रुपवर हे कसं घडतं ते सावकाश बघू. पहिल्या पोरानं एका इंग्रजी पेपरचा मथळा वाचला आणि अलोन्सोचं नाव टाकलं. दुसऱ्याच्या मनात शंका होती. अलोन्सो रियाल माद्रिदकडूनही खेळलाय, बायर्न म्युनिककडूनही. तेही त्याला मागतील. शंका रास्त होती. पण पहिल्याचा ठामपणा बघून त्याला वाटलं, याला काहीतरी कळलं असेल. त्यानं नुसता अंगठा दिला. तिसऱ्याला आता दोन मतं दिसली. त्यातलं दुसरं मत पहिल्याच्याच आधारावर उभं आहे, हे त्याला दिसणार कसं? चौथ्यापासून पुढं स्वतःकडची माहिती वापरणं जवळपास थांबतं. बिखचंदानी, हिर्शलायफर आणि वेल्श या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांचं म्हणणं असं की यात कोणीही मूर्खपणा करत नाही. प्रत्येक जण आपल्या जागी शहाण्यासारखाच वागतो, तरी अख्खी रांग चुकीच्या दारात जाऊन उभी राहते. आणि अशी रांग फार तकलादू असते. बाहेरून एक ठोस बातमी आली की मोडते. २९ मार्चला मोडली, आणि अमोरिमच्या दारात पुन्हा उभी राहिली.

या चक्रात सट्ट्याचे भाव भर घालतात. इंग्लंडमध्ये सट्टा कायदेशीर आहे आणि ‘पुढचा मॅनेजर कोण’ यावरही तो लागतो. पण मॅचवर लागणाऱ्या पैशापुढं ही रक्कम किरकोळ असते. म्हणून थोड्याशा पैशानंही भाव हलतो. भाव हलला की मथळा होतो, मथळा वाचून आणखी लोक पैसे लावतात, भाव आणखी हलतो. इकडे धुळ्यात बसलेल्या माणसाला वाटतं, एवढा पैसा लागतोय म्हणजे आतली खबर असणार.

एकच गोष्ट वारंवार ऐकली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांनी सिद्ध होत आलंय. त्यावर फार थांबत नाही. पुढची पायरी जास्त मजेशीर आहे. स्लॉटचं नाव जाहीर झाल्यावर ग्रुपवर “मी तर आधीच म्हटलं होतं” म्हणणारे उगवले असतील, आणि ते खोटं बोलत असतील असंही नाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाण्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून काय-काय घडेल याच्या शक्यता लिहून घेतल्या. दौऱ्यांनंतर त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा किती टक्के म्हणाला होता? जे घडलं होतं, त्याला आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त टक्के दिले होते असं बहुतेकांना प्रामाणिकपणे आठवलं.

या सगळ्या चर्चेच्या बुडाशी एक गृहीतक असतं : माणूस बदलला की नशीब बदलतं. मँचेस्टर युनायटेडमध्ये मोइजला सहा वर्षांचा करार मिळाला होता आणि २२ एप्रिल २०१४ ला तो घरी गेला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच क्लबनं जोझे मोरिन्यूला काढलं आणि ओले गुनार सोल्शायरला तात्पुरतं बसवलं. पहिले ८ सामने सलग जिंकले. चाहते वेडे झाले, २८ मार्च २०१९ ला त्याला कायम केलं. सीझनच्या उरलेल्या १० सामन्यांत विजय मिळाले २.

मग तो आधी जादूगार होता आणि नंतर बिनकामाचा झाला का? याचं उत्तरही गॉल्टनकडेच आहे. १८८६ मध्ये त्यानं दाखवलं की फार उंच आई-बापांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरी बघता आई-बापांइतकी नाही. टोकाची गोष्ट पुढच्या खेपेला मधल्या पातळीकडे सरकते. कुठल्याही संघाच्या निकालांत कुवतीबरोबर नशिबाचाही वाटा असतो : पोस्टला लागून बाहेर गेलेला चेंडू, पंचांचा एखादा निर्णय, दुखापती. मॅनेजरला काढतात ते सगळं एकदम बिघडलेलं असताना. तिथून पुढं नशीब सरासरीवर आलं तरी निकाल सुधारतात आणि श्रेय नव्याला जातं. सोल्शायरच्या बाबतीत उलटी बाजूही दिसली, कारण त्याला कायम केलं ते निकाल चढणीवर असताना.

हे तपासायचं कसं? नेदरलँड्सच्या बास टेर वेल यांनी तिथल्या लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्या घेतल्या आणि त्यांच्या शेजारी असे संघ ठेवले जे तितकेच घसरले होते, पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही. काढणारे सुधारले. न काढणारेही तसेच सुधारले. यावरून मॅनेजरला किंमत नाही असं कोणी समजू नये. फर्ग्युसनची १९८६ ते २०१३ ही कारकीर्द नशिबावर ढकलता येणार नाही. पण पहिल्या पाच-सात सामन्यांवरून माणूस पारखणं म्हणजे नाणं दोनदा उडवून ते खोटं ठरवण्यासारखंच.

अंदाज करायची हौस असेल, आणि ती कोणाला नसते, तर हवामानखात्याची एक पद्धत उसनी घ्यावी. अमेरिकेच्या हवामानसेवेतल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अंदाजाला गुण द्यायची सोपी रीत सुचवली. ‘पक्का’ म्हणायचं नाही, टक्के सांगायचे. घटना घडली तर १ आणि नाही घडली तर ०. सांगितलेला आकडा आणि हा निकाल यांतला फरक काढून त्याचा वर्ग करायचा. जितका कमी, तितका अंदाज चांगला. अलोन्सोला ९० टक्के देणाऱ्याच्या खात्यात ०.८१ पडले. ३० टक्के म्हणणाऱ्याच्या खात्यात ०.०९. “काही सांगता येत नाही” म्हणून ५० टक्क्यांवर बसलेल्याला ०.२५, म्हणजे ठाम माणसापेक्षा तोही बराच पुढं. अर्थात जानेवारीत कोणी स्लॉटला ५ टक्के दिले असते, तर तेवढ्या एका अंदाजापुरते त्यालाही ०.९ च्या वर मिळाले असते, आणि तेव्हा ५ टक्के म्हणणं काही गैर नव्हतं. म्हणून एका नावावर काही ठरत नाही. निदान वीस-पंचवीस अंदाज तारखेसकट लिहिलेले हवेत. इंग्लंडमधले क्लब ज्या वेगानं माणसं बदलतात ते बघता तेवढे जमायला एक-दोन सीझन पुरे.