तेलांची स्पेक्ट्रोस्कोपी (कोकणातली तेलं)

तेल तापवलं, साठवून जुनं झालं किंवा त्याचं बायोडिझेल केलं की रेणूंत काय बदललं, हे ते कुठला प्रकाश किती शोषतं त्यावरून ओळखता येतं. कोकणातली खोबरेल, उंडेल (उंडीच्या बियांचं) आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचं) ही तीन तेलं यासाठी मुद्दाम बघावीत, कारण एकच मोजमाप तिघांना लावून चालत नाही.

इन्फ्रारेड प्रकाशात ताज्या तेलाचा मोठा पट्टा (जिथे शोषण जास्त ती जागा) साधारण १७४६ प्रति सेंटिमीटरला, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये तेवढ्या लहरी बसतात तिथे येतो, तो एस्टरचा, म्हणजे आम्ल ग्लिसरॉलला ज्या बंधाने जोडलेलं असतं त्याचा. ग्लिसरॉलपासून सुटलेलं मोकळं आम्ल वाढलं की १७११ च्या आसपास खांदा (मोठ्या पट्ट्याच्या कडेला फुगवटा) उठतो, ट्रान्स बंध (ज्यांचे हायड्रोजन विरुद्ध बाजूंना असतात असे दुहेरी बंध) झाले तर ९६६ ला पट्टा दिसतो.

मतभेद झाले ते खवटपणा सुरू कसा होतो यावर. १८९७ च्या सुमारास एंग्लर आणि बाख या रसायनशास्त्रज्ञांच्या मांडणीत ऑक्सिजन सरळ दुहेरी बंधावरच बसायचा, पण १९४० च्या दशकात फार्मर वगैरेंनी म्हटलं की आधी शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो आणि मग ऑक्सिजन जोडला जातो, बंध मोडत नाही. हेच जास्त पटतं, कारण तेलातल्या लिनोलेइक या स्निग्धाम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधे एक कार्बन असतो, त्यातला एक बंध सरकला की दोघे एकाआड एक येतात आणि अशी जोडी २३२ ते २३४ नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेटला जोरात शोषते, आणि खवट होत चाललेल्या तेलात हेच शोषण वाढताना दिसतं.

पण या २३२ च्या आकड्यावर खोबरेल तपासू नये. त्यात लिनोलेइक जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तेल साबणासारखं लागायला लागलं तरी २३२ ला फारसं काही होत नाही, तिथे मोकळ्या आम्लाचं १७११ च बघायचं. उंडेलचं उलटं, त्यातली राळ आणि कुमारिन वर्गातली द्रव्यं स्वतःच अल्ट्राव्हायोलेट शोषतात, म्हणून ताजं तेलसुद्धा बिघडल्यासारखं वाटतं.

उंडेलचं बायोडिझेल करताना एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रं काय शोषतात ते मोजायची पद्धत, तिची मोजपट्टी पीपीएममध्ये) बरा. ३.६६ पीपीएमला मिथाइल एस्टरचं शिखर वाढतं, ४.१ ते ४.३ मधली ग्लिसरॉलची शिखरं विरतात, आणि दोन्हींत सारख्याच राहणाऱ्या २.३ च्या शिखराशी तुलना केली की किती तेल बदललं ते कळतं. उंडेलमध्ये मोकळं आम्ल भरपूर, सरळ अल्कली घातली तर साबणच होतो, म्हणून आधी आम्लाची पायरी करतात.

भिरंडेल, म्हणजे टाचांच्या भेगांना लावतात ते, स्टिअरिक आम्लामुळे घट्ट असतं. वितळवून मग वर्णपट घ्यावा, नाहीतर गोठल्यामुळे सरकलेले पट्टे रासायनिक बदलासारखे दिसतात.